उकंडरावांचा ढीग

माझा नातू पुण्यात एका मोठ्या कंपनीत आहे. परवा जेवताना सांगत होता की बाहेरच्या लोकांना सुचलेलं आत आणण्यासाठी त्यांच्याकडे म्हणे एक वेगळा विभागच आहे. काचेची खोली, गुबगुबीत खुर्च्या, भिंतीवर चिकटवलेले रंगीत कागद. मी म्हटलं, "अरे, आमच्या नांदुऱ्याच्या कारखान्यातही असा विभाग होता. त्यात माणूस एकच, उकंडराव. आणि त्यांची कचेरी म्हणजे भंगाराचा ढीग."

तो हसला. आजीला काहीतरी सुचतच असतं, अशा अर्थाचं ते हसणं. मला राग आला. माझा राग हल्ली टिकत नाही, पण येतो अजून. म्हणून उकंडरावांची गोष्ट एकदा नीट सांगून टाकते. हसायचं तर ऐकून झाल्यावर हसा.

मी मूळची नगरची. महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षी लग्न होऊन नांदुऱ्याला आले. ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं गेलं आणि माहेरची शारदा एका दुपारीत सुलभा झाली. सासरे वामनराव, त्यांना मी मामंजी म्हणे. त्यांचा शेतीच्या अवजारांचा कारखाना होता. स्टेशनच्या अलीकडे पत्र्याची लांब शेड, पुढे दुकान, मागे आमचं घर. वखर, डवरे, खुरपी, विळे आणि मोटेची लोखंडी चाकं तिथे तयार होत. पाटीवर भलंमोठं नाव होतं, पण सगळा मुलूख नुसतं 'कारखाना' म्हणे. सकाळी घणाचे ठोके सुरू झाले की मगच आमच्या चुलीवर चहा चढायचा. मालगाडी गेली की मांडणीतली भांडी थरथरायची, आणि भात्याचा धूर वाळत घातलेल्या लुगड्यांना बसायचा. तेव्हा मी त्या धुराला शिव्या घालत असे. आज त्या जागेवर मोबाईलची दुकानं आहेत, आणि मला तो धूर हवासा वाटतो.

उकंडराव हे कारखान्याचे फिरते विक्रेते. बुटके, सावळे, डोक्यावर टोपी, जी विकत घेतली त्या दिवशी पांढरी असावी. सायकलच्या मागे नमुन्यांचं पोतं बांधून ते गावोगावचे बाजार करत. सायकलही त्यांच्यासारखीच, झिजलेली पण थकली नाही अशी. पुढच्या चाकाच्या कड्याला एकदा चीर गेली होती. कारखान्यातच पत्र्याचा तुकडा लावून दोन रिबिटा मारून घेतल्या होत्या, त्यामुळे ते गल्लीत शिरले की टक टक आवाज यायचा. माझ्या सासूबाई, अन्नपूर्णाबाई, त्या आवाजावरच त्यांच्यासाठी जास्तीची भाकरी टाकायच्या.

नव्या नवरीनं विचारू नये ते मी पहिल्याच आठवड्यात विचारलं. "उकंडराव, तुमचं नाव असं कसं हो?"

त्यांना राग आला नाही. ओट्यावर बैठक मारून त्यांनी मजेत सांगितलं.

"माह्या आंधी मायचे तीन लेकरं गेले, सूनबाई. मंग मी झालो. मायनं मले सुपात घातलं, गावच्या उकिरड्यावर नेलं अन् टाकून देल्लं. म्हने, मले नोको हे. शेजारची जनकाबाई मांगंच उभी होती, ठरलेलंच होतं सारं. तिनं मले उचललं अन् मायले म्हने, 'बाई, मले हे लेकरू सापडलं, इकत घेतं का?' मायनं तिले सूपभर जवारी देल्ली अन् मले इकत घेतलं. देवाले वाटलं, हे काई हिचं नोय. फसला तो. म्हून मी हाओ."

"इतक्यानं देव फसतो?"

"देव फसते," ते डोळे मिचकावून म्हणाले, "तं मिस्त्री काऊन नाई फसनार?"

हे मिस्त्रींचं काय ते मला तेव्हा कळलं नाही. कळायला वर्ष गेलं.

इंद्रभान मिस्त्री म्हणजे कारखान्याचा कणा. उंच, ताठ, भुवयांचे केस डोळ्यांवर आलेले. कागदावर मालक मामंजी, पण कोणता माल निघायचा हे ठरवायचं मिस्त्रींनी. मामंजी कोणत्याही गोष्टीला हो म्हणण्याआधी एक नजर मिस्त्रींकडे टाकत, आणि मिस्त्रींच्या भुवया हलल्या नाहीत तर म्हणत, "पुढच्या वर्षी पाहू." ते पुढचं वर्ष काही येत नसे.

उकंडराव बाजार करून आले की भात्याजवळ उभे राहून लोकांचं म्हणणं सांगत. अमक्या गावची माणसं खुरप्याला लांब मूठ मागतात, तमक्या गावचे डावखुरे विळा उलटा मागतात. मिस्त्री मान वर न करता म्हणत, "उद्या म्हनतीन खुरप्याले घुंगरू लाव. लावतं का बे?" सगळी शेड हसायची, उकंडरावही हसायचे. बारा गावांचं पाणी पिऊन आलेला माणूस, आणि त्याच्या ऐकीव ज्ञानाला घरात तीळभर किंमत नव्हती.

एकदा वैतागून त्यांनी कुणा गावच्या लोहारानं लांब मुठीचं केलेलं खुरपं मागच्या भंगाराच्या ढिगावर फेकून दिलं. आता मिस्त्रींना एक खोड होती. रोज सकाळी चहा घेतला की ते त्या ढिगात काठी घालून ढवळत. चांगलं लोखंड भंगारात गेलेलं त्यांना बघवत नसे. त्यांना ते खुरपं दिसलं. उचललं, फिरवून पाहिलं, ऐरणीवर नेलं. काही दिवसांनी मिस्त्री मामंजींच्या गादीसमोर उभे. "मालक, मले एक सुचलं."

लांब मुठीची खुरपी निघाली आणि हातोहात खपली. उकंडरावांना दार सापडलं. पुढच्या दारानं जे नोको होतं ते मागच्या ढिगावरून आलं की घरचं होत होतं. तेव्हापासून ते कुठे काही नवं पाहिलं की गुपचूप ढिगावर टाकत आणि तोंड मिटून बसत. श्रेयाची हाव नाही, हक्काचं बोलणं नाही. मला एकदा म्हणाले, "आपल्याले काय, लेकरू जगलं पायजे."

मीही त्यांच्याकडून ही विद्या शिकले. माझे नगरकडचे शेंगोळे सासूबाई स्वयंपाकघरात शिरू देत नव्हत्या. "हे असलं आपल्यात करत नाहीत." उकंडराव म्हणाले, "बोलू नोका, सूनबाई. करून ठेवा अन् इसरून जा." मी एक पातेलीभर केले, झाकून ठेवले आणि शेजारी गेले. परत आले तर पातेली घासून पालथी. पुढच्या महिन्यात सासूबाई शेजारणीला सांगत होत्या की शेंगोळे आमच्याकडे पहिल्यापासून असेच करतात. मी पदरात तोंड लपवून हसले.

तर असा हा विभाग सुखानं चालला होता. मग आली रोहिणखेडची मनकर्णाबाई.

रोहिणखेडला जुन्या मशिदीच्या खालच्या अंगाला ओढ्याकाठी तिचा भाजीचा मळा होता आणि लागून मुगाचा तुकडा. नवरा रामराव भजनी मंडळात. गळा गोड, पण अंगाला कामाचं वारं नाही. घरची बैलजोडी विकून त्यानं पेटी घेतली होती. "बैलांची पेटी झाली," मनकर्णाबाई म्हणे, "आता पेटीले जुपतो वखराले." त्या ओढ्यात उकंडराव एकदा सायकलसकट पडले आणि पुढचं चाक वाकलं. मोताळ्याहून दुसरं आणून बसवलं. जुनं वाकडं चाक तिनं ठेवून घेतलं. "राहू द्या भाऊ, काई कामी पडन."

पुढच्या पावसाळ्यात ते तिकडे गेले तर मनकर्णाबाई मुगाच्या ओळींतून ताठ उभी चालत होती आणि पुढे काहीतरी ढकलत होती. पुढे ते सायकलचं चाक, ठोकून सरळ केलेलं. त्याला दोन दांड्या, आणि चाकामागे डवऱ्याची झिजलेली पास. पास म्हणजे तण कापणारं पातं. आमच्या नगरकडे ज्याला कोळपं म्हणतात तो इकडचा डवरा, आणि डवरा म्हटलं की पुढे बैल हवेच. इथे बैल नव्हते. बाई चालत होती आणि तिच्या मागे तण आडवं पडत होतं.

बांधावर बसलेली गावातली माणसं ओरडत होती, "पाहा बे, मनकर्णा बैल झाली!"

उकंडरावांनी दांडी हातात घेतली आणि ओळ संपेपर्यंत थांबले नाहीत. मग कपाळाचा घाम पुसून म्हणाले, "बाई, हे मले कारखान्यात न्यायचं हाय."

तिनं लगेच हो म्हटलं नाही. बांधावरच्या माणसांकडे पाहिलं. "न्या. मी दुसरा जोडून घेईन. पैशाचं नाव काढू नोका. मले एकच पायजे. कारखान्याच्या मोठ्या मानसानं एकडाव माह्या गावासमोर म्हनलं पायजे, हे मनकर्णाबाईचं हाय. मंग पाहू कोन हासते."

आणि उकंडरावांनी शब्द दिला. आयुष्यात त्यांनी गिऱ्हाइकाला कधी शब्द दिला नव्हता. विक्रेत्याचा शब्द मालकाच्या मर्जीवर असतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. या वेळी का दिला, असं मी विचारलं तर म्हणाले, "ते मले भाऊ म्हनली, सूनबाई. अन् चाक माहं होतं."

आता अडचण अशी की ढिगावर टाकलं तर नाव जाणार. ढिगाचा तोच तर कायदा होता. म्हणून या वेळी त्यांनी सरळ रस्ता धरला. डवरा शेडमागे पोत्याखाली ठेवला आणि मामंजींच्या गादीसमोर जाऊन बोलायला सुरुवात केली. मिस्त्री तिथेच होते. "मालक, बैलाबिगर चालनारा डवरा. चाकावरचा. रोहिणखेडच्या एका बाईनं..."

"बाईनं?" मिस्त्रींच्या भुवया वर गेल्या. "बाई डवरा धरते? बैल काय मेले सारे? मानसाचा बैल करनारा कारखाना नोय हा."

मामंजींनी मिस्त्रींकडे पाहिलं आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी पाहू."

नाव सांगण्याची वेळच आली नाही. उकंडराव दोन दिवस शेडमागे घुटमळत होते. मला त्यांची दया येत होती आणि रागही येत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी पोत्याखाली काही नव्हतं आणि ढिगावर चाक दिसत होतं.

"शबूद मोडला नाई, सूनबाई," ते माझी नजर चुकवून म्हणाले. "लांबवला. आंधी लेकरू जगलं पायजे. माय मंग."

मिस्त्रींची काठी त्या चाकाला लागली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होते. ते वाकले, चाकावरून अंगठा फिरवला, कड्यावर एका जागी थांबवला, आणि मग तो सगळा सांगाडा खांद्यावर टाकून आत गेले.

खोटं कशाला बोलू, मिस्त्रींनी त्याचं सोनं केलं. सायकलच्या चाकाऐवजी हलकं लोखंडी चाक घातलं. दांड्यांची उंची कमीजास्त करता येईल अशी भोकं पाडली. ओळींच्या अंतराप्रमाणे बदलायला दोन मापांच्या पाशी केल्या. मग गादीसमोर उभे राहून, उकंडराव तिथेच कोपऱ्यात पोतं बांधत असताना, ते म्हणाले, "मालक, मले एक सुचलं." उकंडरावांनी पोत्याची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.

त्या सुमारास विहिरींवर इंजिनं बसू लागली होती. मोटेची चाकं शेडमध्ये गंजत पडली होती आणि मामंजी रात्रीचं जेवण अर्धं टाकून उठत. चाकाच्या डवऱ्यानं कारखाना सावरला. ज्याला बैल परवडत नाहीत, ज्याची चार वाफ्यांची भाजी आहे, तो प्रत्येक जण डवरा मागू लागला. मामंजी इतके खूश झाले की त्यांनी जाहीर करून टाकलं. खंडेनवमीच्या पूजेला हा डवरा पाटावर मधोमध मांडायचा, मिस्त्रींना फेटा बांधायचा आणि डवऱ्याला त्यांचं नाव द्यायचं. इंद्रभान डवरा. नाव चाकावर ओतायचं म्हणून साचाही करायला टाकला.

त्याच सुमारास मोताळ्याच्या बाजारात मनकर्णाबाईनं तो डवरा विकायला ठेवलेला पाहिला. समोर आमचे उकंडराव बसलेले.

"भाऊ," ती म्हणाली, "माहं लेकरू दुसऱ्याच्या नावानं बाजारात बसलं व्हय?"

उकंडरावांनी तिथल्या तिथे सगळं सांगितलं. ढीग, मिस्त्री, फेटा, सगळं. आपण स्वतः उकिरड्यावरून कसे घरात आलो, तेही सांगितलं. मनकर्णाबाईनं ऐकून घेतलं. रागावली नाही, रडली नाही. "खंडेनवमीले येतो मी," एवढंच म्हणाली. आमच्याकडे वऱ्हाडात बायकाही 'येतो' म्हणतात.

त्या संध्याकाळी उकंडराव ओट्यावर येऊन बसले. सासूबाईंनी दिलेली भाकरी तशीच समोर. "खरं सांगतलं तं मिस्त्रीची मान चार मानसात खाली जाईन. तो मानी मानूस, उद्या कारखान्याची पायरी चढनार नाई. नाई सांगतलं तं माहा शबूद गेला. सांगा, सूनबाई, काय करू?"

मी म्हटलं, "मग द्यायचाच कशाला शब्द?" माझी जीभ अशीच आहे. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्यांना टोपीशिवाय मी पहिल्यांदाच पाहत होते. म्हातारे दिसत होते.

खंडेनवमीला शेड धुऊन काढली होती. भात्याला झेंडूची माळ, ऐरणीला हळदकुंकू, घण आणि सांडश्या ओळीनं मांडलेल्या. मधल्या पाटावर तो डवरा, तेल पुसून चकचकीत केलेला, दांड्यांना आंब्याची डहाळी. बाजूला तबकात गुलाबी फेटा. मिस्त्री धुतलेलं धोतर नेसून, नवं उपरणं घेऊन बसले होते. त्यांचा चेहरा मात्र फेटा मिळणाऱ्याचा नव्हता. उकंडराव दाराजवळच्या खांबाला टेकून उभे होते.

मी मागच्या दारी नैवेद्याचं ताट करत होते. तेवढ्यात एक उन्हानं रापलेली, ताठ बाई गाठोडं घेऊन दारात आली. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण ओळखलं.

"बाई, एक सूप देता का?"

मी खुंटीवरचं सूप दिलं. तिनं गाठोडं सोडलं. आत नवे मूग, हिरवेगार. चाकाचा डवरा ज्या ओळींतून पहिल्यांदा चालला त्याच ओळींचे. तिनं सूप भरलं, पदर डोक्यावर घेतला आणि सरळ शेडकडे निघाली. पूजेच्या वेळी बायका शेडमध्ये जात नसत. सासूबाई "अगं, अगं" करत राहिल्या. मी नैवेद्याचं ताट तसंच हातात घेऊन तिच्यामागे गेले.

मामंजींनी फेटा उचलला होता. मनकर्णाबाई मिस्त्रींच्या समोर जाऊन उभी राहिली आणि सूप त्यांच्यापुढे ठेवलं.

"मिस्त्री, तुमाले उकिरड्यावर लेकरू सापडलं म्हने."

शेडमध्ये सगळ्यांना कळलं. वऱ्हाडात ही रीत कुणाला सांगावी लागत नाही. घराघरात देवाला फसवणाऱ्या नावाचा एखादा उकंडा, एखादा कडूबा असतोच. फक्त मामंजी, ज्यांना ढिगाचं काही ठाऊक नव्हतं, गोंधळून फेटा हातात धरून उभे होते.

मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं, मग सुपाकडे. "सापडलं," ते म्हणाले.

"मले इकत द्या."

मिस्त्री उठले. त्यांची नजर खांबाकडे गेली. "उकंड्या, इकडे ये बे." उकंडराव पाय ओढत पुढे आले. "त्या ढिगावर सायकलचं चाक आलं. त्याच्यावरच्या दोन रिबिटा कोनाच्या हातच्या?"

"तुमच्या, मिस्त्री."

"मंग मले डोये नाई व्हय? माह्या हातचं काम मी वळखत नाई?"

"मंग बोलले काऊन नाई?"

"तू काऊन नाई बोलला?"

दोघं चोर समोरासमोर उभे राहावेत तसे ते उभे होते, आणि मला हसू आणि रडू एकदम येत होतं.

मिस्त्रींनी सूप दोन्ही हातांनी उचललं, कपाळाला लावलं आणि मूग आपल्या नव्या उपरण्यात ओतून घेतले. मग पाटावरचा डवरा उचलून दांड्या मनकर्णाबाईच्या हातात दिल्या. आंब्याची डहाळी तशीच लटकत होती.

"अहो मिस्त्री, पूजा व्हायची आहे," मामंजी म्हणाले.

"झाली, मालक."

मिस्त्री फेटा बांधून घेईनात. तेव्हा मनकर्णाबाईच म्हणाली, "बांधा हो. उचलनाऱ्याचाबी मान असते. तुमी नसते तं ते तिथंच पडलं असतं." मग त्यांनी मान पुढे केली. सासूबाईंनी तिची खणानारळानं ओटी भरली, आणि हे आपल्याकडे पहिल्यापासूनच असतं असं मला बजावलं. इंद्रभान डवरा हे नाव त्या दिवसानंतर कुणी काढलं नाही. साचा मिस्त्रींनी स्वतः फोडला. पुढे लोक नुसतं चाकाचा डवरा म्हणत, तेच राहिलं.

सगळे जेवले, पांगले. मी पाहिलं तर उकंडराव पायरीवर बसलेले.

"आता काय झालं? तिला तिचं लेकरू मिळालं ना?"

"मिळालं, सूनबाई. पन कोनी म्हनलं नाई. मी शबूद देल्ला होता का कारखान्याचा मानूस म्हनन, तिच्या गावासमोर म्हनन. आतल्या आत झालं सारं." त्यांनी हात झटकले. "आपल्या घरात सारं आतल्या आतच होते."

ते खरंच होतं. शेंगोळ्यांचं मला आठवलं. इतकी वर्षं मी त्यावर हसत होते, पण सासूबाईंनी एकदा तरी म्हणावं की हे सुलभानं आणलं, असं मला फार वाटायचं. त्या पायरीवर मला ते पहिल्यांदा कळलं.

मोताळ्याची गाडी दुपारी होती. मी शिदोरी द्यायचं निमित्त काढून स्टँडवर गेले. उद्या दसरा, त्यामुळे गाडी बाजार करून निघालेल्या माणसांनी भरलेली. रोहिणखेडची बरीच होती. बांधावर बसणारी तीच माणसं, मांडीवर झेंडूच्या पिशव्या घेऊन. खिडकीशी रामराव बसला होता, नवीन टाळ घेऊन. मनकर्णाबाई डवरा धरून खाली उभी होती आणि तो आत मावत नव्हता.

"वर टाका, वर," कंडक्टर ओरडला.

तेवढ्यात गर्दीतून गुलाबी फेटा येताना दिसला. मिस्त्री. डोक्यावरचा फेटा उतरवायचं त्यांच्या लक्षात राहिलं नसावं, किंवा मुद्दामच ठेवला असेल. त्यांनी तिच्या हातून डवरा घेतला, खांद्यावर टाकला आणि या वयात शिडीवरून टपावर चढले. दोरीनं बांधून गाठ मारली, ओढून पाहिली. उकंडराव सायकल धरून खाली उभे होते.

कंडक्टरनं खालून हात वर केला. "हे सामान कोनाचं हाय?"

मनकर्णाबाईनं तोंड उघडलं. पण त्याआधी टपावरून आवाज आला. घणाच्या ठोक्यांवरून शेडच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचा तोच आवाज.

"मनकर्णाबाईचं! रोहिणखेडच्या मनकर्णाबाईचं! तिनंच केलं हे. आमच्या कारखान्यानं निस्तं उचललं."

गाडीतली डोकी खिडक्यांतून बाहेर आली. कुणी हसलं नाही. रामरावानं टाळ पिशवीत घातला आणि बायकोसाठी जागा सोडून उभा राहिला. मनकर्णाबाई गाडीत चढली, तिथे बसली आणि खिडकीतून उकंडरावांकडे पाहत राहिली. उकंडरावांनी टोपी काढून तोंड पुसलं. तोंडच पुसत होते की डोळे, ते मी पाहिलं नाही, कारण माझेच भरून आले होते.

कंडक्टरला गाडी सोडायची घाई होती. "ते समजलं हो. पन याचं तिकीट कोन काढते?"

"मी काढतो," उकंडराव पुढे होत म्हणाले. "मामा हाओ मी त्याचा."